दोन कानांची परीक्षा

माझं चित्त ठिकाणावर नसतं, असं सासरी लग्नाच्या आठव्या दिवशीच ठरलं. कारण काय, तर दूध उतू गेलं. अहो, दूध कोणाच्या हातून उतू जात नाही? पण मी चुलीसमोरच बसलेली, डोळे पातेल्यावर, आणि तरी गेलं. सासूबाई म्हणाल्या, "काऊन वं, झोपली होती का?" झोपले कुठली! पुढच्या खोलीत मामाजी, म्हणजे आमचे सासरे, शेजाऱ्याला वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. भिंतीपलीकडे शेजारच्या घरातल्या दोघी जावा पाण्यावरून भांडत होत्या. आणि रस्त्यावर एक गाडीवान आपल्या बैलाची खरडपट्टी काढत होता. मी तिघांचंही ऐकत होते, आणि दुधाकडे बघायला डोक्यात जागाच उरली नव्हती. हे सासूबाईंना सांगायची सोय नव्हती. मग काय, वेंधळी ठरले. पुढे मीठ दोनदा पडलं, एकदा पडलंच नाही, आणि ते नाव माझ्यावर पक्कं बसलं.

सासर पांढुर्ण्याचं, माहेर सौंसरचं. माझे यजमान सौंसरच्या तहसील कचेरीत कारकून. ते तिकडे खोली घेऊन राहायचे, शनिवारी बसने यायचे आणि सोमवारी पहाटेच्या बसने परत जायचे. म्हणजे नवरा माझ्या माहेरच्या गावात आणि मी त्यांच्या घरात! पण तेव्हा कोणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

राज्यांची नव्याने वाटणी झाली ते दिवस. काल-परवापर्यंत नागपूर आमची राजधानी होती. लहानपणी स्वातंत्र्याचे पेढे वाटले गेले, तेही नागपूरहून आलेल्या गाडीतून उतरले होते. आणि एका सकाळी नागपूर परराज्यात गेलं, आम्ही इकडेच राहिलो. माणसं तीच, सोयरीक तीच, कापूस आणि संत्र्यांचा बाजार तोच. पण आता प्रत्येकाला नागपूरला काहीतरी विचारायचं असायचं, कोणाचा कागद कुठे गेला, कोणाची बदली कुठल्या राज्यात झाली. पोस्टातल्या एकुलत्या एक फोनवर गर्दी उसळायला लागली. मग पोस्टाच्या मागच्या खोलीत गावातल्या दुकानांचे फोन जोडायचा मोठा बोर्ड आला आणि बातमी फुटली की तिथे अजून एक माणूस घेणार आहेत. मॅट्रिक पास हवा, मराठी-हिंदी दोन्ही हवी, आणि बाई असली तरी चालेल.

बाई असली तरी चालेल! हे वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवलं.

मी मॅट्रिक होते. पत्र टाकायच्या निमित्ताने मी पोस्टात गेले आणि त्या मागच्या खोलीच्या दारात उभी राहिले. तिथले जुने ऑपरेटर कानाला हेडफोन लावून बसलेले. समोर लाकडी फळा, त्यावर बारीक बारीक झडपा. कोणी आपल्या दुकानातून फोनचं हँडल फिरवलं की त्याच्या नंबराची झडप खटकन् पडायची. ऑपरेटर दोरीची पिन त्या झडपेखालच्या भोकात खुपसायचे, ऐकायचे, दुसरी पिन दुसरीकडे, तेवढ्यात तिसरी झडप, चौथी झडप. अरे देवा, मी म्हटलं, हे तर माझंच डोकं कोणीतरी बाहेर काढून लाकडात बसवलंय! मला तिथून हलवेना. ऑपरेटर म्हणाले, "काय पायजे बाई?" मी म्हटलं, "हेच पायजे." ते हसले, पण मी हसत नव्हते.

घरी मामाजींना विचारलं. मामाजी पेन्शनर मास्तर. आवाज कधी चढवायचे नाहीत, पण एकदा बोलले की ते पाटीवर लिहिल्यासारखं. म्हणाले, "एक डाव जाऊन पाय. पास झाली त जाय नोकरीवर. नाही झाली त हा विषय पुन्हा घरात काढायचा नाही." सासूबाई म्हणाल्या, "हिले दुधाचं ध्यान राहत नाही, हे फोन सांभाळीन?" मामाजी म्हणाले, "म्हणून तर एकच डाव म्हटलं." म्हणजे एकच संधी. ती गेली की जन्मभर ती चूल आणि ते पातेलं. तरी आनंदाने मी त्या दिवशी मीठ तीनदा टाकलं असावं.

परीक्षेला पंधरा दिवस होते. मी माहेरी सौंसरला गेले, कारण तिथे माझी मामेबहीण सुटीला आली होती. ती नागपूरला मानसशास्त्रात एम.ए. करत होती. गावात तिला सगळे म्हणायचे, "वेड्यांचं शिकून राहिली." तिला त्याचं काही वाटत नसे. मी तिला परीक्षा कशी असते ते सांगितलं. ऑपरेटरांनी मला समजावलं होतं की उजव्या कानात नाव आणि नंबर सांगतात, ते ऐकता ऐकता लगेच परत म्हणायचं, आणि डाव्या कानात कोणी काहीही बडबडलं तरी तिकडे बघायचं नाही. हे ऐकताच ती उभीच राहिली. "अवं, हेच त! हेच त विलायतेत करून राहिले!" धावत जाऊन कुठलंसं मासिक घेऊन आली. दोन कानांत दोन वेगवेगळे आवाज सोडायचे, एक परत म्हणायला लावायचा, आणि नंतर विचारायचं की दुसऱ्या कानात काय होतं. म्हणे, लोकांना काहीच सांगता येत नाही.

मी म्हटलं, "मले येते. मी तीन-तीन ऐकते."

"बस मग," ती म्हणाली.

आमच्या बागेत संत्र्याची तोड चालू होती. आम्ही झाडाखाली बसलो. उजव्या कानाशी ती मासिक वाचायला बसली. डाव्या कानाशी आई. आईला वाचता येत नव्हतं, पण न थांबता बोलता येत होतं आणि आम्हाला तेवढंच हवं होतं. सुरू झालं. बहीण वाचतेय, मी तिच्या मागोमाग म्हणतेय, एकही शब्द सुटत नाही. मला तर पंख फुटल्यासारखं झालं. मग ती थांबली. "आता सांग, आत्या काय म्हणत होती?"

मी तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. काही नाही! आई बोलत होती एवढं ठाऊक, जरा चिडली होती तेही ठाऊक. काय बोलली, अक्षर नाही. आई म्हणाली, "अवो, मी तुह्या सासूचीच गोठ सांगून राहिली होती!" इतकी महत्त्वाची गोष्ट माझ्या कानाशी घडली आणि मी तिला मुकले!

मामेबहीण टाळ्या पिटत होती. "म्हणजे तू तीन कधीच ऐकत नव्हती. तू उड्या मारत होती. क्षणभर इथं, क्षणभर तिथं, आणि मधलं जे सुटते ते डोकं आपलं आपण जुळवून घेते."

मी भडकलेच. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीचा मला अभिमान होता, ती गोष्टच नव्हती म्हणे! पण रागाच्या आत दुसरंच काहीतरी उकळत होतं. हे खरं होतं. त्या दिवशी मी गाडीवानाकडे गेले की जावा पुसट व्हायच्या, हे मला आता आठवायला लागलं. म्हणजे मी वेंधळी नव्हते. मी एका दारातून तिघांना आत घेत होते आणि चौथं दूध बाहेर राहत होतं.

ती सांगत गेली आणि मी ऐकत गेले. डोक्याला दार एकच, आत यायला धडपडणारे शंभर. दाराशी एक चाळणी असते, असं तिचे प्राध्यापक म्हणत. ही चाळणी आवाज ओळखते, बाईचा की पुरुषाचा, इकडचा की तिकडचा. अर्थ मात्र आत गेल्यावरच कळतो. "मग बाहेरच्याचा अर्थ कळणारच नाही?" मी विचारलं. ती उठली, आईच्या कानात काहीतरी पुटपुटली, आणि पुन्हा वाचायला बसली.

मी म्हणत राहिले. मध्येच डाव्या बाजूने माझं माहेरचं नाव आलं, आणि मी झटकन थांबले. अक्षरशः कोणी हाताला धरून ओढलं. बहीण किंचाळली, "थांबली! आत्या, थांबली ही!" आणि मग सांगते, "याच्या आधी आत्याने तुझं सासरचं नाव दोनदा घेतलं. तुले पत्ताच नाही."

लग्नात आमच्याकडे मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहायचं. दीड वर्ष मी त्या नावाला ओ देत होते. आणि माझ्या डोक्याच्या दाराला ते नाव अजून ओळखूच येत नव्हतं! मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम, तिथे मात्र चाळणी नव्हती.

"आत्या, आता जावयाचं नाव घे," बहीण म्हणाली. आई पदर तोंडाला लावून नको नको म्हणत होती, पण घेतलं. मी पुन्हा मागोमाग म्हणत होते, आणि डाव्या कानातून ते नाव आलं मात्र, मी थांबले आणि कानापर्यंत लाल झाले. बागेतले तोडणारेही हसायला लागले.

पुढे खूप वर्षांनी मी त्या बहिणीकडूनच पुस्तकं मागवून वाचली. कोणी म्हणतात चाळणी सुरुवातीलाच लागते. कोणी म्हणतात, नाही, सगळं आत येतं, समजतंही, पण तोंडावाटे निघताना एकच निघतं. कोणी म्हणतात चाळणी बंद करतच नाही, नुसता आवाज बारीक करते, आणि ज्या शब्दाला आपला जीव लागलेला असतो तो बारीक आवाजातही ऐकू येतो. माणसाला स्वतःचं नाव ऐकू येतं, असं त्यात लिहिलंय. मी म्हणते, कुठलं स्वतःचं? आमच्या एखाद्या सुनेला विचारून बघा आणि मग लिहा.

असो. पंधरा दिवस आम्ही नुसता धुमाकूळ घातला. बहीण पांढुर्ण्याच्या दुकानदारांची नावं आणि मनचे नंबर सांगायची, आई दुसरीकडून जगातल्या सगळ्या सुनांचा उद्धार करायची, आणि मी उजव्या कानाचं सोडायची नाही. एका गोष्टीचा सराव तेवढा आम्ही केला नाही. यजमानांचं नाव उजव्या कानात आलं तर? ते मला परत म्हणावं लागेल. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही. घेतलं तर उखाण्यात, चार बायका अडवून बसल्यावर. बहीण म्हणाली, "तुझे हे काय फोनवाले आहेत? ते यादीत येणार कशाला?" आणि आम्ही दोघी शहाण्या हसून मोकळ्या झालो. त्यांचं नाव देवाचं, आमच्या भागात दर दहा घरांत एक त्या नावाचा असतो, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही.

परीक्षेच्या दिवशी मामाजी बरोबर आले. सून एकटी कशी जाणार? ते पोस्टाच्या ओसरीवर बाकावर बसले, खोलीचं दार उघडंच होतं. माझ्याआधी दोघांची परीक्षा झाली होती, त्यातला एक तिगावचा, तो घाम पुसत बाहेर आला. आत मोठे साहेब होते, हिंदी बोलणारे, बाहेरून आलेले. त्यांनी नियम सांगितला. जो नाम सुना, वही नाम दोहराना है, फिर नंबर. न रुकना, न जोड़ना, न छोड़ना. चाळीस नावं. उजव्या कानात ऑपरेटर पलीकडच्या खोलीतून बोलणार, डाव्या कानात साहेब स्वतः हिंदी वर्तमानपत्र वाचणार.

हेडफोन कानाला लागला आणि भीती गेलीच. काय सांगू तो आनंद! पहिलं नाव आलं, गेलं. दुसरं आलं, गेलं. जिनिंगवाले, डाळ मिलवाले, स्टेशन मास्तर, संत्र्याचे अडते. डावीकडे साहेब काहीतरी मोठ्याने वाचत होते, तो आवाज मला पंख्याच्या घरघरीइतकाच वाटत होता. दहा झाली, वीस झाली. मला वाटलं चाळीस नाही, चारशे द्या!

आणि एका कापसाच्या व्यापाऱ्याचं नाव आलं. तेच नाव.

थांबायचं नाही, जोडायचं नाही, सोडायचं नाही. नाव तर आत येऊन उभं, आणि बाहेर जायला वाटच नाही. माझ्या तोंडाला त्या नावाची एकच वाट माहीत होती. माझ्याही नकळत मी त्या वाटेने निघाले. खणखणीत आवाजात, भर पोस्टात:

"सौंसरची संत्री, पांढुर्ण्याचा कापूस, ———रावांचं नाव घेते, पुन्हा नको विचारूस!"

आणि त्याच श्वासात नंबर सांगितला.

आता खरी गंमत ऐका. मी उखाणा म्हणत होते तोवर उजव्या कानात पुढची दोन नावं येऊन गेली होती. मी त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं. पण उखाणा संपला आणि ती दोन्ही नावं कानाच्या मागे कुठेतरी ताटकळत उभी असलेली मला सापडली! नंबरांसकट! घडाघडा म्हणून टाकली, आणि पुढचं पकडलं. उखाणा शंभरदा म्हटलेला, तो तोंड आपलं आपण म्हणत होतं, दार मोकळंच होतं. मी चाळिसाव्या नावापर्यंत एकही सोडलं नाही.

ऑपरेटर पलीकडच्या खोलीतून आले ते डोळे पुसत, हसून हसून. साहेब मात्र हसत नव्हते. "ये बीच में कविता कौन सी थी?"

ऑपरेटरांनी समजावलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, चिडून नव्हे, पण सरळ. "वो व्यापारी दिन में बीस बार फ़ोन करेंगे. आप बीस बार कविता सुनाएँगी?" मग ते म्हणाले, "बाक़ी सब ठीक है. यही एक नाम सीधा बोल दीजिए. नहीं तो मुझे दूसरे को लेना पड़ेगा."

एक नाव. तीन अक्षरं. मी दाराकडे बघितलं तर मामाजी बाकावरून उठून उंबऱ्यात येऊन उभे. उखाणा ओसरीपर्यंत गेला होता तर! सासऱ्यासमोर नवऱ्याचं नाव, तेही उखाण्याशिवाय, परक्या पुरुषांमध्ये. मला वाटलं, संपलं. आता हे म्हणतील चल घरी, आणि मी निमूट त्यांच्या मागे जाईन.

मामाजींनी माझ्याकडे बघितलं. मग दोन्ही हात वर केले आणि दोन्ही कानांत बोटं घातली. घट्ट. आणि ज्याला ऐकू येत नाही तो बोलतो तशा मोठ्या आवाजात म्हणाले, "मी काही ऐकून नाही राहिलो! म्हण तू!"

मी म्हटलं. सरळ. तीन अक्षरं आणि पुढे नंबर.

काही झालं नाही. कौलं पडली नाहीत, कोणी दचकलं नाही. साहेबांनी कागदावर सही केली. मामाजी तसेच उभे, बोटं कानात, डोळे समोरच्या भिंतीवर. शेवटी ऑपरेटरांनी त्यांच्या खांद्याला हात लावला, "मास्तर, झालं." तेव्हा त्यांनी बोटं काढली आणि विचारलं, "पास का?" घरी सासूबाईंनी खोदून खोदून विचारलं, पण ते एकच म्हणत राहिले, "मले काय माहीत, मले ऐकूच नाही आलं." मला त्यांच्या पाया पडायचं होतं आणि हसायचंही होतं. मी दोन्ही केलं.

शनिवारी यजमान आले. बातमी त्यांना बसमध्येच कळली होती. माझे यजमान मुळात कमी बोलणारे. जेवण झालं, सुपारी कातरायला बसले. सासूबाई उठून गेल्यावर खाली बघतच म्हणाले, "साऱ्या पोस्टाने ऐकलं म्हणे. मीच तेवढा राहिलो."

मला कळलंच नाही आधी. मग कळलं. उखाण्यातलं ऐकणं वेगळं, तिथे चार बायका असतात. बायकोच्या तोंडून आपलं साधं नाव त्या माणसाने कधी ऐकलंच नव्हतं. मी तोंड उघडलं. नाही निघालं. साहेबांसमोर निघालं, सासऱ्यांसमोर निघालं, आणि ह्यांच्यासमोर नाही! मी चिडले, स्वतःवरच. ते म्हणाले, "राहू दे वं," आणि अडकित्ता बाजूला ठेवला. सोमवारी पहाटेच्या बसने गेले.

मी बोर्डावर बसायला लागले. चौथ्या की पाचव्या दिवशी, दुपारच्या गर्दीत, सौंसरच्या लाइनची झडप पडली. मी पिन लावली. "पांढुर्णा बोलतंय. आपलं नाव?"

पलीकडून त्यांनी आपलं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट, कचेरीतल्या कागदावर असतं तसं. पांढुर्ण्याला घरी निरोप द्यायचा आहे, म्हणाले.

नाव ऐकलं की ते परत म्हणायचं, हा नियम. माझ्या एका बाजूला ऑपरेटर ओरडत होते, दुसरीकडे दोन झडपा पडलेल्या, कोणी खिडकीशी तिकिटं मागत होतं. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मी त्यांचं नाव घेतलं.

मग ते म्हणाले, "आवाज नीट येऊन नाही राहिला. पुन्हा सांगा."

लाइन अगदी स्वच्छ होती. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी पुन्हा सांगितलं.